पूनमसिंगच्या हातचा बेस

यवतमाळात मंदार देशकरांना न ओळखणारे पुष्कळ आहेत, पण त्यांचं वाजवणं ऐकलं नाही असा माणूस सापडणं कठीण. फक्त ऐकणाऱ्याला आपण ते ऐकलं याचा पत्ता नसतो. बेस गिटारचं नशीबच तसं. ऑर्केस्ट्रात गाणारी बाई दिसते, ढोलकीवाला दिसतो, कीबोर्डवाला तर मान हलवून हलवून दिसतो. बेसवाला मागे, पडद्याच्या दोरीला टेकून उभा. लग्नाच्या रिसेप्शनला लोकांच्या पोटात जे गुरगुरतं ते त्याचं वाजवणं असतं, आणि लोकांना वाटतं गुलाबजाम जास्त झाले.

दिवसा देशकर एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर बसत. त्यांचे वडील सदाशिवरावही त्याच खात्यात होते, आणि आजोबाही. देशकरांच्या घराण्यात तीन पिढ्या पेन्शन पिकते, कापूस नाही. मंदाररावांची नोकरी वडिलांनी ठरवली, बायको आईनं ठरवली, घराचा रंग बायकोनं ठरवला. तिचं नाव भैरवी. भैरवीनं मैफल संपते म्हणतात, पण देशकरांच्या घरी रोज सकाळी सहाला सुरूच तिच्यापासून व्हायची. आयुष्यात या माणसानं स्वतः निवडलेली वस्तू एकच, ती म्हणजे बेस. तोही पंचवीस वर्षांत तीनदा, आणि तिन्ही वेळा एकाच माणसाच्या हातचा: पांढरकवड्याचा पूनमसिंग.

आता हा पूनमसिंग काही गिटार बनवणारा नव्हे. तो महागावकडच्या बंजारा तांड्यातला, ट्रकच्या बॉड्या बांधणारा सुतार. हैदराबाद रोडला त्याचं टिनाचं शेड होतं, आणि तिथे सकाळपासून चार सुतार फळ्या ठोकत. एकदा कुठल्याशा ऑर्केस्ट्राची मेटाडोर शेडपुढे बंद पडली, आणि सामान उतरवताना एका बेस गिटारची मान मोडली. पूनमसिंगनं सागाची खुंटी घालून मान अशी जोडली की जोड शोधून सापडेना. परत देण्याआधी मात्र त्यानं तिचा आकार प्लायवर पेन्सिलीनं उतरवून घेतला. याला कोणी चोरी म्हणतं, कोणी शिक्षण. पूनमसिंग म्हणायचा, "ट्रकचीबी बॉडी, हिचीबी बॉडी. हिले टायर नाई, एवढंच."

मंदारराव पहिल्यांदा शेडवर गेले तेव्हा ऐन पंचविशी-तिशीतले, केस मागे फिरवलेले. जाणकारीचा आव आणून त्यांनी विचारलं, "पिकअप कोणतं लावता?"

"टाटा दोनशेसात," पूनमसिंग म्हणाला.

"नाही हो, गिटारला."

"गिटार नेयाले गाडी कायले पाह्यजे, बाबू? यष्टीतबी जाते."

मग पूनमसिंगनंच हसत हसत तारांखाली बसवलेली ती काळी पट्टी दाखवली. तिला तो 'चुंबक' म्हणायचा. तेव्हापासून दोघांचं जमलं.

पूनमसिंगची बेस तपासायची रीत जगावेगळी होती. शेडमध्ये ठोकाठोक, बाहेर हायवेवर ट्रकांचे हॉर्न. कानानं ऐकायचं म्हटलं तर स्वतःचं नाव ऐकू येऊ नये. तेव्हा तो बेसच्या मानेचं टोक दातात धरायचा, डोळे मिटायचा आणि तार छेडायचा. लाकडातून दातात, दातातून कवटीत आवाज असा उतरायचा की बाहेरचा ट्रक जणू दुसऱ्या जिल्ह्यात गेला. गावात बोलवा उठली की पूनमसिंग लाकूड खाऊन पाहतो. चहाच्या टपरीवर कोणी विचारायचंच, "काय पूनमसिंग, आज नाश्त्याले साग का शिवण?" तो म्हणायचा, "तुह्या घरच्या पोया खाऊन जातीन दात. साग बरा." विजेच्या डब्यावर, म्हणजे अँप्लिफायरवर, त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "डब्ब्यावर तं भोपयाबी वाजते. लाकूड वाजलं पाह्यजे." त्यानं मंदाररावांनाही दातानं ऐकायला शिकवलं, आणि ते शिकलेही. गिऱ्हाईक यायचं तेव्हा आपणच बनवलेले बेस तारेवर टांगून तो शेडबाहेर पाठ करून बसायचा. कोणता चांगला, हे कधी सांगायचा नाही. "म्या सांगतलं तं तो माह्या राह्यते. तू वळखला तं तुह्या होते."

चार वर्षांपूर्वी तो म्हणाला होता, "मंदारबाबू, एक बेस करून राह्यलो तुह्यासाठी. आजलोक जे केले ते हात बसवाले केले. हा बेस, बेस हाय."

"कोणता? दाखवा ना."

"दाखवला तं मंग काय वळखशीन? बाकीच्यायमंदी टांगून ठेवीन. वळखता नाई आला तं समजीन का वीस वर्सं म्या भयऱ्याले बेस देल्ले."

दोघं हसले. मग मंदाररावांनी खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी काढली, तशी पूनमसिंगनं ती हातातून हिसकून लाकडाच्या भुशात फेकली. "थुक. त्या खर्र्यापायी एक दिवस दात जातीन तुहे, अन् दातासंगं कान."

वडीलधाऱ्याचं बोलणं खरं व्हायला यवतमाळात वेळ लागत नाही. आधी मात्र पूनमसिंगचंच वाईट झालं. मागच्या पोळ्याच्या आसपास त्याला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरला एकच शब्द: बेस. जेवले का? बेस. दुखते का? बेस. झोप लागली का पंख्याखाली? बेस. पांढरकवड्यात यावरूनही दोन तट पडले. एक म्हणे, म्हातारा सुखी आहे, त्याचं सगळं बेस चाललंय. दुसरा म्हणे, येडे हो, तो गिटार मागून राह्यला. त्याची बायको बिजलीबाई दोन्ही तटांना चहा पाजायची आणि काही बोलायची नाही.

इकडे यवतमाळात महालक्ष्म्यांच्या जेवणाआधी मंदाररावांच्या तोंडात वरची कवळी बसली. तीस वर्षांचा खर्रा वसूल झाला होता. हे फक्त दोघांना ठाऊक, भैरवीताईंना आणि दाताच्या डॉक्टरला. ऑर्केस्ट्रातल्या पोरांना मंदाररावांनी सांगितलं की हिरड्यांचं छोटंसं ऑपरेशन झालं. कवळी बसल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी न्हाणीघराचं दार लावून जुन्या बेसचं टोक तोंडात धरलं आणि तार छेडली. कवळी घुर्रर्र वाजली. डबक्यात बेडूक बसावा तसं तोंड झालं. जाड तार छेडली, बेडूक. बारीक छेडली, तोच बेडूक. मंदारराव तोंड धुऊन बाहेर आले, आणि नंतर ते कधी त्या वाटेला गेले नाहीत. जुना बेस हाताच्या सवयीनं वाजतच होता. नवा निवडायची वेळ येऊ नये, एवढीच प्रार्थना.

ती वेळ फेब्रुवारीत आली. पूनमसिंगची पोरगी समीक्षा, तिकडेच एका खेड्यात शाळेवर शिकवते, तिचा फोन आला.

"काका, शेड सोडून राह्यलो आमी महिन्याअखेर. चार गिटारी उरल्या. आदिलाबादचा एक जण सगळ्याच नेतो म्हणते. पण बा कोणाले हातच लावू देत नाई. जो जवळ जाते त्याच्यावर डोळे काढते. तुमचीच वाट पाहून राह्यला वाटते. तुमच्यासाठी एक केली होती ना त्यानं?"

"हो, केली होती."

"मंग या शनिवारी. तुमची तुमी घेऊन जा, बाकीच्या तो सोमवारी नेईन."

फोन ठेवून मंदारराव खिडकीशी उभे राहिले. भैरवीताई भाजी निवडत होत्या. त्यांनी नवऱ्याच्या पाठीकडे बघूनच सगळं ओळखलं.

"सांगून टाका ना त्यांना सरळ," त्या म्हणाल्या. "म्हणावं, कवळी आहे, कवळीला ऐकू येत नाही."

"अगं, त्याला काय वाटेल?"

"काय वाटायचंय? त्यांना अर्धं अंग नाही, तुम्हाला अर्धे दात नाहीत. बरोबरी झाली."

मंदाररावांना हसू आलं नाही. पूनमसिंगनं पुडी भुशात फेकली होती ते त्यांना आठवत होतं. आणि त्याहून मोठं एक भय होतं. त्या म्हाताऱ्याजवळ आता शब्द नव्हते, हात नव्हता, शेडही जाणार होतं. आपण केलेलं कोणाला तरी ऐकू गेलं, एवढं एकच बघायचं त्याचं उरलं होतं. आणि ते बघायला त्यानं कोणाला निवडलं? बेडूक तोंडात घेऊन फिरणाऱ्याला.

शनिवारी सकाळी ते पांढरकवड्याच्या एसटीत बसले. वाटेत मनाशी दोनदा ठरवलं की खरं सांगायचं, आणि दोनदा मोडलं.

शेड ओळखू येत नव्हतं. सुतार गेलेले, अवजारं पोत्यात बांधलेली. एका तारेवर चार बेस टांगलेले आणि खाली प्लास्टिकच्या खुर्चीत पूनमसिंग. उजवा हात मांडीवर दुसऱ्याचा असावा तसा पडलेला. मंदारराव दिसताच त्याचा अर्धा चेहरा उजळला.

"कसे आहात, भाऊ?"

"बेस."

बिजलीबाईंनी चहा दिला. "कालपासून आंघोळीची घाई करून राह्यले होते, भाऊ," त्या म्हणाल्या. "पांढरा शर्टच पाह्यजे. तुमाले पाह्याले येऊन राह्यले का पोरगी पाह्याले, असं झालं मले."

समीक्षानं वडिलांच्या कानाशी तोंड नेलं. "बा, काकाची कोणती आहे? बोट दाखव ना."

पूनमसिंगनं डोळे घट्ट मिटले. मग डाव्या हातानं दाराकडे खूण केली. समीक्षा वैतागली, पण बिजलीबाईंना कळलं. मायलेकींनी खुर्ची उचलून बाहेर नेली आणि दाराकडे पाठ करून ठेवली. नेहमीची रीत. मंदारराव आत एकटे उरले.

चारही बेस अंगानं सारखे. पूनमसिंगनं सगळ्यांना एकच तपकिरी पॉलिश मारलेलं, तेही मुद्दाम. गिऱ्हाईकानं रंगावर भाळू नये म्हणून. मंदाररावांनी पहिला उतरवला आणि कान लावून छेडला. तेवढ्यात बाहेरून कापसाच्या गाठींचा ट्रक गेला. दुसरा छेडला, टँकर गेला. हायवेला काय, आवक-जावक सुरूच. मग इकडेतिकडे बघून त्यांनी टोक तोंडात धरलं. घुर्रर्र. दुसरा, घुर्रर्र. तिसऱ्याला कवळी सुटून जिभेवर आली. ती सावरताना डोळ्यांत पाणी आलं. त्यांना बाहेर पूनमसिंगची मान दिसत होती. ताठ, जराशी डावीकडे कललेली. म्हातारा ऐकत होता.

घाम पुसता पुसता मंदाररावांचं लक्ष बेसच्या पाठीवर गेलं. मागे चार स्क्रूंचं एक झाकण असतं, आत वायरी. फळीवर एक पेचकस राहिला होता. आता तीस वर्षं कागदावर जगलेल्या माणसाला, जिथे कान चालत नाही तिथे नोंद शोधावीशी वाटते. त्यांनी एका बेसचं झाकण उघडलं. आत लाकडावर सुताराच्या पेन्सिलीनं लिहिलेलं: 'सा'.

सा? मंदाररावांना वणीचे साहेबराव आठवले. तेही पूनमसिंगकडूनच बेस घेत. म्हणजे ज्याचा बेस त्याच्या नावाचं अक्षर!  दुसऱ्याचं झाकण उघडलं. आत स्पष्ट, ठसठशीत: 'म'.

दोन नोंदी जुळल्या की सरकारी माणूस तिसरी फाइल उघडत नाही. मंदाररावांनी झाकणं पुन्हा बसवली. शेवटचा स्क्रू फिरवताना किर्र असा बारीक आवाज झाला. त्यांनी श्वास रोखून बाहेर पाहिलं. पूनमसिंगची मान तशीच होती.

"झालं!" त्यांनी हाक मारली.

खुर्ची आत आली. मंदाररावांनी तो बेस दोन्ही हातांवर धरून म्हाताऱ्यापुढे नेला. पूनमसिंगनं बेसकडे पाहिलं. मग मंदाररावांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"बेस," तो म्हणाला.

"पाह्यलं? बा खूश!" समीक्षानं टाळी वाजवली. बिजलीबाईंनी बेसला कुंकू लावलं. मंदारराव घाईघाईनं निघाले, चार वाजताची गाडी आहे म्हणाले. गाडी साडेचारची होती.

घरी आणून डब्याला जोडला तर बेस वाजला, नाही असं नाही. पण आवाज पांघरुणातून आल्यासारखा. तार सोडली की सूर बाहेर यायच्याऐवजी आतच कुठे जाऊन झोपायचा. 'झुळूक मेलडीज' या त्यांच्या ऑर्केस्ट्राच्या तालमीत कीबोर्डवाल्या पियुषनं दोन गाणी ऐकून घेतली आणि मग राहवेना त्याला.

"काका, राग नका मानू. ढेकर दिल्यासारखं वाजून राह्यलं."

"नवा आहे. मुरायचा आहे अजून."

"लोणचं आहे का, मुराले?"

पोरं हसली. मंदाररावांनी बेस पिशवीत घातला. नवा जिन्नस म्हणून कौतुकानं दाखवायचा सोडून ते आता तो झाकूनच नेऊ लागले. जेवताना घास तसाच राहायचा. भैरवीताई विचारायच्या, "आवडला नाही का?" "आवडला." "मग चेहरा असा का?" "कसा?" "आवक आली, जावक नाही, असा."

म्हाताऱ्याची ती नजर त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. ती खुशीची नव्हती एवढं कळत होतं. पण मग कशाची? आपणच आपल्याला समजावायचे, की लकव्यानं डोळेच तसे झाले असतील.

दहा दिवसांनी समीक्षाचा फोन आला. आवाज दमलेला होता.

"काका, एक विचारू? तुमी गेले तेव्हापासून बा जेवत नाई धड. भिंतीकडे तोंड करून राह्यते. अन् दिवसभर डाव्या हातानं असं काहीतरी करते. अंगठा अन् बोट चिमटीत धरून फिरवते. फिरवते, फिरवते. याडी म्हणे, तुह्या बा पंखा कमी कर म्हणून राह्यला. मी नळ बंद करून पाह्यला, रेडिओ लावून पाह्यला. मंग अजून चिडते. तुमाले काही समजते का?"

मंदाररावांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांना समजलं. म्हाताऱ्यानं चाळीस वर्षं स्क्रू फिरवले होते. ट्रकांच्या गोंगाटातही तो किर्र त्याला ऐकू गेला होता.

"समीक्षा," ते म्हणाले, "बाकीचे बेस गेले का?"

"सोमवारीच गेले. आदिलाबादवाल्यानं तीनही नेले, वाजवूनबी नाई पाह्यले. पण तुमी खरंच माणूस मोठे, काका. मोहाची गिटार कोणी नेली नसती. बा स्वतःच म्हणे, मोह लय जड, आवाज गिळून घेते. परयोग म्हणून केली होती. त्याचं मन ठेवाले तुमी तीच घेतली ना?"

"मोहाची?"

"हो मंग. मागच्या झाकणात खूण राह्यते ना लाकडाची. सागाची असन तं सा, शिवणीची असन तं शि, हळदूची ह. तुमची म."

मंदारराव स्टुलावर बसले. भैरवीताई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"माझ्यासाठी कोणती केली होती गं त्यानं?"

"मले काय सांगनार तो? पण शिवणीची गाडीत ठेवली तेव्हा रडला. बाकीच्यांच्या वेळी नाई."

फोन बंद झाल्यावर मंदाररावांनी बायकोला सगळं सांगितलं. अक्षरन् अक्षर, पेचकसासकट. भैरवीताईंची जीभ यवतमाळात प्रसिद्ध, पण त्या दिवशी ती चालली नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "उद्या रजा टाका."

दुसऱ्या दिवशी दुपारी मंदारराव पूनमसिंगच्या घरी पोचले. घर शेडच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. पूनमसिंग बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. बिजलीबाईंनी त्याला वळवलं. मंदारराव दिसताच त्यानं डावा हात उचलला आणि अंगठा-बोट चिमटीत धरून हवेत फिरवलं. एकदा, दोनदा, तीनदा.

"हो भाऊ," मंदारराव म्हणाले. "उघडलं मी झाकण. चोरून पाह्यलं."

समीक्षा आ करून बघत राहिली. आत्ता कुठे तिला चिमटीचा अर्थ लागला. पूनमसिंगनं हात खाली टाकला आणि पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवू लागला. मंदारराव बाजेच्या कडेला बसले आणि त्यांनी त्याचा खांदा धरला.

"थांबा. पुरं ऐकून घ्या. तुमच्या मनात काय आहे ते ठाऊक आहे मले. तुमाले वाटून राह्यलं का एवढं जीव लावून केलं अन् लाकूड मुकंच राह्यलं. नाही बोललं माझ्याशी. तसं नाई, भाऊ. लाकूड बोललं असन. हे पाहा."

आणि यवतमाळात सहा महिने ज्याचा पत्ता सासुरवाडीलाही लागू दिला नव्हता ते त्यांनी तिघांच्या देखत तोंडातून काढून रुमालावर ठेवलं. वरचा ओठ आत गेला. चेहरा एकदम वीस वर्षांनी म्हातारा झाला.

"शगळे गेले," ते म्हणाले. शब्द वाऱ्यासारखे सुटत होते. "तुमी शांगितलं होतं. खऱ्ऱ्यानं गेले. मले काही शमजत नाई आता. तुमचा एकही बेश ऐकू नाई आला मले, भाऊ. लाज वाटली म्हणून शांगितलं नाई."

पूनमसिंग रुमालाकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडाची धड बाजू हलली, आणि घशातून खर्र खर्र असा आवाज येऊ लागला. बिजलीबाई घाबरून धावल्या, त्यांना वाटलं उबळ आली. पण तो हसत होता. लकवा मारल्यापासून पहिल्यांदा. हसता हसता त्यानं डाव्या मुठीनं मंदाररावांच्या पाठीत असा गुद्दा घातला की ते बाजेवरून घसरले. मग दुसरा घातला. तिसऱ्या वेळी मूठ उचललीच नाही. हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं ते कोणाला कळलं नाही. बिजलीबाई पदरानं त्याचं तोंड पुसत राहिल्या.

"माझ्या बेशची वाट लागली, ते जाऊ द्या," थोड्या वेळानं मंदारराव समीक्षाला म्हणाले. "त्या आदिलाबादवाल्याचा नंबर आहे का?"

"परत नाई देणार तो, काका. सगळ्यायचं ठरून गेलं."

"परत नको. वाजवून दाखव म्हणावं, एकदा."

समीक्षानं फोन लावला, आवाज मोठा केला आणि फोन बाजेवर दोघांच्या मधे ठेवला. पलीकडचा माणूस भला निघाला. आधी त्याला काही उमगेना.

"अब्बी? फोन पे? कौन सी वाली?"

"पीछे का ढक्कन खोल के देखो, भैया," समीक्षा म्हणाली. "अंदर 'शि' लिखा होगा."

पलीकडे खटपट झाली. "हाँ, है. शि. मस्त चीज बनाई तुम्हारे पिताजी ने. रुको, डब्बे को जोड़ता."

बाजेवर पूनमसिंग उठून बसला होता. बिजलीबाईंनी पाठीला उशी दिली. मंदाररावांनी कान फोनजवळ नेला. पलीकडे तो वाजवू लागला. पण फोन म्हणजे फोन. त्यातून बायकोची बडबड येते, बँकेच्या पोरीचा गोड आवाज येतो, ढोलकीची चाटही येते. बेसचा खोल सूर मात्र त्या चिमुकल्या भोकातून येतच नाही. ऐकू येत होतं ते एवढंच: तारेवर बोटांची टिक टिक, मधेच नखाची खरर, आणि वाजवणारा स्वतःशी गुणगुणत होता ते. सूर आदिलाबादेतच राहिला होता.

तरी कोणी हललं नाही. तो दोन-तीन मिनिटं वाजवत राहिला आणि हे चौघं त्या टिकटिकीकडे बघत राहिले. मग तो थांबला.

"बोलो जी, कैसी लगी?"

मंदाररावांनी मान वर केली. पूनमसिंग त्यांच्याकडे बघत होता. अगदी डोळा न हलवता, उत्तर घ्यायला बसलेल्या माणसासारखा. "बहुत बढ़िया" हे दोन शब्द मंदाररावांच्या जिभेवर तयार होते. समीक्षाही मान हलवून, म्हणून टाका, म्हणून टाका, असं खुणावत होती. कोणाचं काय बिघडणार होतं?

"शुनाई नहीं दी, भैया," मंदारराव बिनदाताच्या तोंडानं म्हणाले. "फिर शे बजाओ."